रोमेडचा बूटभाऊ

आमच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस हमखास दचकायचा. शेगडीच्या खोलीत भिंतीला ओळीने खुंट्या होत्या आणि फेब्रुवारी लागला की त्या खुंट्यांवर पाय लटकायचे. लाकडाचे, चामडी पट्ट्यांचे, काहींच्या पावलात मोजा आणि बूट तसाच. स्कीवर जाताना लाकडी पाय म्हणजे नुसतं ओझं, म्हणून तो घरी काढून ठेवायचा आणि संध्याकाळी आल्यावर आपापला ओळखून घ्यायचा. एकदा व्हिएन्नाहून एक बाई खोली बघायला आली, भिंतीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती आल्या पावली परत गेली. आई म्हणाली, बरं झालं, ही रोज सूप गार आहे म्हणून कटकट करणारी दिसत होती.

मीसुद्धा सुरुवातीला दचकायचे. मग सवय झाली. त्या घरात वाढल्यावर आपल्याला पुन्हा कशाचा धक्का बसेल असं मला वाटत नव्हतं. माणूस किती मूर्ख असतो.

परवा स्की क्लबची पोरं येऊन गेली. गावामागच्या उताराला माझ्या भावाचं, रोमेडचं, नाव द्यायचं ठरलंय म्हणे. 'बुर्गीआजी, तुम्ही दोन शब्द बोला.' मी हो म्हटलं. दोन शब्द बोलायला काय लागतं? पण दोन शब्दांत न मावणारं जे आहे ते मी इथे सांगून टाकते.

रोमेड दुसऱ्या महायुद्धातून परत आला तेव्हा विशीतला होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वरच संपत होता. पहिला हिवाळा त्याने भिंतीकडे तोंड करून काढला. आई त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि भरलेलं ताट उचलून न्यायची. मग एक दिवस तो अंगणात आला, माझ्या घसरगाडीच्या खालच्या पट्ट्या करवतीने कापल्या आणि आपल्या कुबड्यांच्या टोकांना ठोकल्या. मी रडून घर डोक्यावर घेतलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. उजव्या पायात एक स्की, दोन्ही हातांत दोन छोट्या, असा तो गोठ्यामागच्या उतारावर उभा राहिला आणि तोंडावर आपटला. उठला, पुन्हा आपटला. सगळा वेळ एकाच मांडीवर भार, ती मांडी थरथरायची, विसावा द्यायला दुसरी नाही. दुमडून टाचलेल्या विजारीत बर्फ भरायचा. रात्री म्हणायचा, नसलेल्या पायाची बोटं गारठलीत, बुर्गे. मी त्या रिकाम्या जागेवर घोंगडी टाकायचे आणि तो खरंच झोपायचा.

हिवाळा सरता सरता तो उतरू लागला. त्याच्यामागे बर्फावर तीन रेघा उमटायच्या आणि लांबूनही कळायचं की इथून रोमेड गेला. मग ही बातमी लांबवर गेली. एक पाय नसलेले, एक हात नसलेले, कोणी दोन्ही पाय नसून कमरेला पाटा बांधून घसरणारे, असे लोक दर फेब्रुवारीत आमच्याकडे आठवडाभर येऊ लागले. शाळेचे मास्तर पेर्नथालर, ज्यांची उजवी बाही कोटाच्या खिशात खोचलेली असायची, ते या सगळ्याचे म्होरके. शिकवायचा मात्र रोमेड. पडलेल्याला तो कधी हात देत नसे. 'तुला उठायला शिकवतोय, उतरायला कोणीही शिकवेल,' म्हणायचा. आठवड्याअखेर तीच दणकट माणसं त्याच्या गळ्यात पडून रडायची.

या लोकांच्या दोन रीती होत्या, त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिली रीत नवीन माणसाची. आल्या दिवशी मास्तर एकच प्रश्न विचारायचे, 'कुठे?' समोरच्याने फक्त जागेचं नाव सांगायचं, जिथे त्याचा हात किंवा पाय राहिला त्या जागेचं. त्यानंतर जन्मात कोणी कोणाला त्याबद्दल विचारायचं नाही. रोमेडने पहिल्या वर्षी सांगितलं होतं, 'करेलिया.' फिनलंड-रशिया सीमेवरच्या त्या बर्फाळ रानातून जिवंत आलेल्याला सगळे मानायचे. घरी आम्हीही तेच धरून चाललो होतो.

दुसरी रीत बुटांची. बूट करणारा लेनार्ट एक बूट कधी शिवत नसे. कातडं जोडीनं कापायचं, साचा जोडीचा, अर्धं काम मी करत नाही, म्हणायचा. मग डावा पाय नसलेल्याने आपल्याच मापाचा, उजवा पाय नसलेला माणूस शोधायचा आणि दोघांनी मिळून एक जोडी घ्यायची. असे दोघे एकमेकांचे बूटभाऊ. रंग, टाच, नाडीची भोकं, सगळं दोघांच्या संमतीने. सख्खे भाऊ बांधावरून भांडतात, पण बूटभावांचं कधी फाटलेलं मी पाहिलं नाही.

रोमेडची पंचाईत अशी की त्याचं पाऊल फार लहान. गावातले टगे म्हणायचे, याला बूटभाऊ मिळायचा नाही, बूटवहिनी शोधा. अखेर लेनार्टनेच शोध लावला. गाइसयोख खिंडीपलीकडच्या खोऱ्यातून कोणा फेल्डरचं माप आलं होतं, डाव्या पावलाचं, रोमेडच्या पावलाला हुबेहूब जुळणारं. ठरलं. दर दोन वर्षांनी लाकडी खोक्यातून डावा बूट पोस्टाच्या बसने त्या खोऱ्यात जायचा आणि तेच खोकं डोंगरी चीजचा मोठा तुकडा घेऊन परत यायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने काहीतरी खरडलेलं असायचं. पहिल्यांदा आलं ते असं: 'उजव्या, आधी काय झिजतं, बूट की बूड?'

रोमेड हसला. तो हसलेला मी कितीतरी दिवसांनी पाहत होते. त्याने ते पुसून उत्तर लिहिलं. मग हे सुरूच राहिलं. हा त्याला डाव्या म्हणायचा, तो याला उजव्या. रोमेडला घाम गाळायला भाग पाडणारा माणूस तोच. पाऊस असो, गारठा असो, हा उतारावर, कारण पलीकडच्या खोऱ्यात डाव्या सराव करत असणार. दोघांची गाठ मात्र कधी पडली नव्हती. हिवाळ्यात खिंड बंद, बसने दिवसभराचा वळसा, उन्हाळ्यात गवत कापणी, आणि दोघांचा हट्ट असा की आधी दुसऱ्याने यावं.

फेल्डर कोण, काय करतो, कुठल्या पलटणीत होता, हे रोमेडने विचारलं नाही, लेनार्टने नाही, मीही नाही. त्या काळी एक पाय म्हणजे लढाईवरचा माणूस, आणि लढाईवरच्या माणसाला विचारायचं नाही. आमची चूक काय ती एवढीच, आणि आमच्याकडे ती कोणाच्याही हातून झाली असती.

रोमेडची एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. एका गिरणीवाल्याने पोलिओने पाय वाळलेली आपली पोर आणली होती. गोड पोर, डोळे उताराकडे लागलेले. मास्तर विरघळले होते. पण रोमेड म्हणाला, हा आठवडा सैनिकांचा आहे, बाकीच्यांना नको. मास्तरांनी समजावलं तर हा उठून गोठ्यात गेला. पोरगी वडिलांच्या पाठीवर बसून परत गेली. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. इतकं कडू त्याच्यात कुठून आलं, तेच मला कळेना. पुढे नियमच झाला, फक्त सैनिक.

आणि मग मास्तरांनी बूटजोडीची शर्यत काढली. एका जोडीतले दोन बूटभाऊ एकामागून एक सुटणार, दोघांचा वेळ मिळून धरणार, आणि एक जरी खाली पोचला नाही तरी जोडी बाद. एकेकट्याच्या शर्यतीत रोमेडला कोणी हरवत नव्हतं, पण ही शर्यत त्याला एकट्याने जिंकताच येणार नव्हती. त्याने आयुष्यात एवढी कशाची आस धरली असेल तर ती हीच. दोन वर्षं तो बाजूला उभा राहून दुसऱ्यांच्या जोड्या बघत राहिला. तिसऱ्या वर्षी त्याने खोक्यात लिहिलं, 'येतोस की भितोस?'

उत्तर आलं, 'दोन नंबर काढून ठेव.'

गावात दुसरा विषय उरला नाही. रोमेडने दाढी केली, तीही एका दिवसात दोनदा. बस यायच्या वेळी मास्तर, लेनार्ट, आठवड्याला आलेले सगळे लंगडे-थोटे थांब्यावर जमले. कोणीतरी बाजा आणला होता. बस थांबली. आधी चालक उतरला आणि त्याने टपावरून एक स्की आणि दोन कुबडी-स्की काढून दिल्या. मग दारातून एक डावा बूट खाली आला. लेनार्टने शिवलेला, पिवळ्या टाक्यांचा, रोमेडच्या पायातल्या बुटाचा जोडीदार.

बुटाच्या वर एक बाई होती.

बाजा बंद पडला. ती माझ्याच वयाची असेल, पंचविशीची. उन्हाने रापलेला चेहरा, डोक्याला रुमाल, उजव्या बाजूने विजार दुमडून टाचलेली. तिने घोळक्यावरून नजर फिरवली, रोमेडच्या बुटावर ती थांबली आणि ती हसली.

"उजव्या," ती म्हणाली, "एवढा लहानसा असशील असं वाटलं नव्हतं."

रोमेडचं तोंड उघडं ते उघडंच. मी त्याला कोपराने ढोसलं तेव्हा कुठे त्याच्या तोंडून फुटलं, "तू बाई आहेस."

"लहानपणापासून," ती म्हणाली. "मला कोणी विचारलंच नाही."

आधी लेनार्ट हसला, मग सगळेच. रोमेडही हसला, कानापर्यंत लाल होऊन. टग्यांना वर्षभर पुरेल एवढा मसाला मिळाला. आगाथे तिचं नाव. घरी येईपर्यंत तिने सांगून टाकलं की त्यांच्या गावात एकदा एका पायाचा माणूस तीन रेघा ओढत उतरताना तिने पाहिला, घरी जाऊन बापाच्या कुबड्यांचं वाटोळं केलं आणि अख्खा हिवाळा मार खाल्ला. रोमेड तिच्या बाजूने चालत होता आणि मधूनमधून मान वळवून तिच्याकडे असा बघत होता की माझ्या मनात भलत्याच गोष्टी येऊन गेल्या. मला ती बाई आवडली होती. घरात अशी एक हवीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत. आमच्या शेगडीच्या खोलीत मास्तर टेबलाशी बसले होते, मी छातीवर नंबर टाचत होते. आगाथे समोर आली तसे मास्तर चुळबुळले. नियम सैनिकांचा, आणि ही तर बाई. त्यांनी रोमेडकडे पाहिलं. तो म्हणाला, मास्तर, माझी जोडी आहे ती. नियम करायला लावणारा हाच, आणि मोडायला निघालेला हाच. मला मनातून बरं वाटलं. मास्तरांनी खाकरून सवयीने विचारलं, "कुठे?"

"गाइसयोखच्या कुरणात," आगाथे म्हणाली.

खोलीत कोणाला काही कळेना. गाइसयोखला कधी लढाई झालीच नव्हती.

"लढाई संपली होती," ती म्हणाली. "गवत कापायला गेले होते. आपल्याच सैन्याने जाता जाता कुरणात सुरुंग पुरून ठेवले होते. कोणी काढले नाहीत. हे तुमच्या नियमात बसतं का ते तुम्ही बघा."

मास्तरांनी मान खाली घातली आणि तिचं नाव लिहून घेतलं. माझ्या हातातली टाचणी बोटात घुसली होती. गाइसयोखचं कुरण दोन्ही खोऱ्यांचं. अर्धं आम्ही कापायचो, अर्धं पलीकडचे. लढाई संपली त्या उन्हाळ्यात बातमी आली होती की पलीकडची एक मुलगी सुरुंगावर पाय पडून मेली. पाद्रीबाबांनी तिच्यासाठी प्रार्थना घेतली होती आणि त्या कुरणात पुन्हा कोणी गेलं नव्हतं. मी खूप रडले होते, कारण त्याआधी दरवर्षी कुरणाच्या त्या टोकाला गवत पसरताना मी तिला पाहायचे. म्हणजे ती मेली नव्हती. ती माझ्यासमोर नंबर टाचून घेत होती. मला आनंद झाला, आणि हे सांगायला मी रोमेडकडे वळले.

तो खोलीत नव्हता. मागच्या दाराबाहेर लाकडांच्या ढिगाला धरून ओकत होता. मला वाटलं, शर्यतीची धास्ती. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "बुर्गे, तू वर येऊ नकोस." मी म्हटलं, लेनार्टला कमी ऐकू येतं, वर निशाण धरायला कोण आहे? आणि गेले.

उतारावर नेणारा ओढता दोर होता, त्याला आडवे दांडे. एका दांड्याला दोघांनी टेकायचं आणि स्की बर्फावर ठेवून वर खेचलं जायचं. मी आधी पोचून वरून बघत होते. रोमेड आणि आगाथे एका दांड्यावर होते. त्याचा उजवा पाय उजव्या कडेला, तिचा डावा डाव्या कडेला, मध्ये रिकामं, आणि तोल सांभाळायला दोघांचे खांदे एकमेकांना टेकलेले. लांबून ते एकच माणूस वाटत होतं. ती सारखी काहीतरी बोलत होती. तो नाही.

वर आल्यावर ती कुबड्या रोवून उभी राहिली आणि उतार न्याहाळू लागली. लेनार्ट पलीकडे घड्याळाशी होता. मी निशाण घेऊन या दोघांच्या अगदी जवळ उभी होते. रोमेड म्हणाला, "ते सुरुंग मी पुरले."

तिला आधी कळलं नाही. मलाही नाही.

"गाइसयोखला," तो म्हणाला. "आम्ही काही पोरं होतो. हुकूम होता. एक माझ्या हातून तिथेच फुटला. माझा पाय करेलियात नाही गेला. तिथे गेला. मी करेलियाला कधी गेलेलोच नाही."

वारा होता, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.  आगाथेने अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाकीचे तिथेच आहेत, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि गवत कापायला कोण येतं, तेही?"

"हो. तुमचा लाल रुमाल लांबून दिसायचा." त्याचे ओठ निळे पडले होते. "दवाखान्यात होतो. लढाई संपली. जो सांगेल त्याला पकडतील असं ऐकलं. घाबरलो. मग तू मेलीस असं कळलं आणि त्यानंतर सांगायचं कोणाला?"

"कोणालाच सांगितलं नाहीस?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं त्याच क्षणी तो म्हणाला, "घरी निरोप धाडला होता. यंदा वरच्या कुरणात जाऊ नका म्हणून."

"फक्त घरी?"

"फक्त घरी."

 तो निरोप मला आठवत होता. दवाखान्यातली एक नन गावाकडे आली होती, ती आईच्या कानात काही बोलली, आणि आई म्हणाली, यंदा वर जायचं नाही, खालचंच गवत पुरवू. मी हट्ट केला होता. मला वर जायला आवडायचं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि सगळ्यांच्या पुढे पळायचे, अनवाणी. महिन्याभराने त्या मुलीची बातमी आली. आईने चर्चमध्ये एक मेणबत्ती लावली. मला वाटलं, त्या मुलीसाठी.

लेनार्टने हात वर केला. आधी डाव्याने सुटायचं होतं. मी निशाण खाली केलं की आपोआप झालं, मला माहीत नाही. आगाथे गेली. बघणाऱ्यांनी सांगितलं की तशी कोणी उतरली नव्हती, मला काहीच दिसलं नाही. मग रोमेडची पाळी. लेनार्टने हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. रोमेड बर्फात बसला होता. त्याने बुटाचे बंद सोडले होते. जोडी बाद झाली.

मी त्याला काय म्हणायला हवं होतं? मला चीड आली होती आणि ती कोणावर तेच कळत नव्हतं. त्याने मला वाचवलं होतं. मी त्याच्यापासून दोन हात लांब उभी राहिले आणि जवळ गेले नाही.

तेवढ्यात ओढत्या दोरावरून आगाथे वर आली. दांड्यावर एकटी, एका पायावर, तोल सांभाळत, आणि ते सोपं नसतं. ती सरळ त्याच्यासमोर येऊन थांबली.

"पाय घेतलास तो घेतलास," ती म्हणाली, "आता शर्यतही घेतोस? इतकी वर्षं वाट पाहून मी आले ती तुला बर्फात बसलेला बघायला? रडायचं असेल तर घरी जाऊन रड. बूट बांध."

रोमेडने वर पाहिलं.

"बांध म्हणते ना."

त्याने बांधला. तिने त्याला उठायला हात दिला नाही. तो स्वतःच उठला. मग दोघे उतरले, ती पुढे, तो मागे, मोजायला कोणी नव्हतं. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं बंद सुटला म्हणून गडबड झाली. ती त्याच्या कितीतरी आधी पोचली होती.

नंतरचं थोडक्यात सांगते. पुढच्या फेब्रुवारीत रोमेड मास्तरांच्या टेबलासमोर नव्या माणसाच्या रांगेत उभा राहिला. मास्तर म्हणाले, अरे, तुझं काय? तो म्हणाला, विचारा. त्यांनी विचारलं, कुठे, आणि त्याने सगळ्यांसमोर गाइसयोख म्हटलं, आणि सगळं सांगितलं, घरच्या निरोपासकट. काही जणांनी खुंटीवरचे आपले पाय काढले आणि त्याच दिवशी निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत. राहिलेल्यांनी पुढे त्याच्याशी फक्त बर्फाबद्दल बोलणं ठेवलं. फक्त सैनिक हा नियम त्याने स्वतः उठवायला लावला आणि गिरणीवाल्याच्या घरी जाऊन त्या पोरीला घेऊन आला. मरेपर्यंत तो आंधळ्यांना, पांगळ्यांना, खुर्चीतल्या मुलांना शिकवत राहिला. क्लबच्या पोरांना ठाऊक आहे ते एवढंच.

आगाथे येत राहिली. तिने त्याला माफ केलं का? ते मी तिला विचारलं नाही, आणि केलं असं वाटेल असं ती काही बोललीही नाही. बूट मात्र शेवटपर्यंत दोघांचे एकाच जोडीतले होते. त्या मापाचं दुसरं पाऊल कोणाचं नव्हतं, असं ती म्हणायची.

पण त्या पहिल्या शर्यतीनंतर तिला बसवर सोडायला मी गेले होते. रोमेड आला नव्हता. मी तिची पिशवी धरून बाकाशेजारी उभी होते आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आगाथे, मला खरंच माहीत नव्हतं."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "तुझा चेहरा पाहिला मी वर."

मग तिची नजर खाली गेली, माझ्या पायांकडे. मी दाबलेल्या लोकरीचे उबदार जोडे घातले होते. ती ते बराच वेळ बघत राहिली, आधी एक, मग दुसरा.

"चांगला भाऊ आहे तुझा," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उलट बोलले असते, माझी जीभ कधी गप्प बसत नाही. तिने ते मनापासून म्हटलं होतं. बस आली, चालकाने तिच्या स्की टपावर बांधल्या, ती दाराची दांडी धरून वर चढली, आणि मी तिथेच उभी राहिले, माझ्या दोन्ही पायांवर.